पहिला भाव कुणी खरा धरत नाही

चेअरमनवर माझा राग होता आणि अजून आहे. माणूस गेला की राग जातो म्हणतात, ते खोटं आहे. माणूस गेला की भांडायला समोर कुणी उरत नाही, एवढंच. शोकसभेत त्यांना देवमाणूस म्हणाले, अजातशत्रू म्हणाले. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. अजातशत्रू असते तर भरदिवसा पाण्याच्या हौदापाशी कोयत्यानं मारले गेले नसते, आणि देवमाणूस असते तर माझी जागा गेली नसती.

जागेचं आधी सांगतो. मी शेळ्यांचा दलाल. खेड्यातून शेळ्या घेऊन आलेला शेतकरी एका बाजूला, घेणारा व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि मधे मी. तामलवाडीहून धाराशिवला आलो तेव्हा पायातल्या चपला आणि तोंड एवढंच माझं भांडवल होतं. त्यातलं तोंड अजून टिकून आहे. शेळीबाजार तेव्हा गावात भरायचा आणि एका कडुनिंबाखाली माझं ठाण होतं. मग बाजार बायपासच्या पलीकडं मोकळ्या रानात न्यायचं ठरलं. ठरवलं चेअरमननी. ते आमच्या व्यापारी पंचांचे प्रमुख होते आणि नगरसेवकही. पूर्वी कुठल्याशा पतसंस्थेचे चेअरमन होते. पतसंस्था बुडाली, नाव तेवढं तरंगत राहिलं. नव्या जागेवर ते स्वतः घमेल्यातून चुन्याची फक्की टाकून ओळी आखत फिरले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "तामलवाडी, फाटकाजवळची पहिली जागा तुझी." ते मला माझ्या गावाच्याच नावानं हाक मारायचे.

पहिल्या बाजाराला जाऊन बघतो तर तिथं त्यांच्या साडूचा माणूस उभा. माझी जागा शेवटच्या ओळीत, गटाराच्या कडेला. मी तिथंच आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, "आरं, गिऱ्हाईक तुझ्या तोंडामागं येतं, जागंमागं न्हाय." सगळे हसले. मी हसलो नाही. पुढं कित्येक वर्षं मी त्यांना भेटलो की पहिलं वाक्य जागेचं बोलायचो आणि ते दुसरंच काहीतरी बोलायचे.

आता बाजाराची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यावरूनच झालं. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. ही रीत मूळची बैलबाजारातली, शेळ्यांकडं नंतर आली. घेणारा आणि विकणारा हात पुढं करतात, वर उपरणं नाहीतर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून भाव करतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा दाबला तर पाच. तोंडं मात्र भलतंच बोलत असतात, पावसाचं, पोरीच्या सासरचं. शेजारच्याला कळत नाही कुणी काय मागितलं आणि कुणी काय दिलं. अडलेल्यानं पडत्या भावात विकलं तरी त्याची अब्रू राहते, आणि हौसेनं जास्त देणाऱ्याला कुणी येडा म्हणत नाही.

माझ्या बापाचा हात कधी कुणाच्या उपरण्याखाली गेला नाही. छप्पन सालानंतर आजोबांनी देव्हारा रिकामा केला, घरात बुद्धाची तसबीर आली. पण बाजाराला ती खबर पोचायला फार वर्षं लागली. बाप शेळी घेऊन उभा राहिला की व्यापारी लांबूनच ओरडायचे, "एवढे घे, न्हायतर ने माघारी." साऱ्या बाजाराला ऐकू जायचं. एकदा उघड्यावर बोललेला भाव वर जात नाही. ऐकणारे सगळे त्यालाच चिकटून राहतात. बाप मान खाली घालून दोरी त्यांच्या हातात द्यायचा. उघडा सौदा म्हणजे काय, हे मी तिथं शिकलो.

माझा हात पहिल्यांदा रुमालाखाली घेतला तो नळदुर्गच्या चाचांनी. ते शेळ्या-बोकडांचे व्यापारी, माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. मी तेव्हा नवा होतो आणि बापासारखाच लांब उभा राहून भाव ओरडत होतो. ते जवळ आले. "हाथ दे रे," म्हणाले. मी बघतच राहिलो. "हाथ दे. चिल्लाता कायकू? चिल्लानेवाला घाटे में जाता." त्यांच्या रुमालाला बिडीचा आणि शेळीच्या दुधाचा वास होता. त्या दिवसापासून चाचा घेणारे आणि मी मधला. मोठ्या जमिनीवाल्या घरांतून पहिला हात आला तो चेअरमनचा, हेही मी नाकारत नाही. त्यांचं बघून बाकीच्यांनी दिले. पुढं त्याच हातानं फक्की टाकून त्यांनी मला गटाराकडं सारलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

शहरात काय शिजतंय ते आम्हाला आधी बोर्डांवरून कळायला लागलं. पूर्वी चौकात वाढदिवसाचे बोर्ड असायचे, गॉगल घातलेले. मग त्यांवरचे चेहरे रागीट झाले आणि शुभेच्छांच्या जागी इशारे आले. बसस्टँडवर कुणी 'उस्मानाबाद' म्हटलं की एक जण अंगावर यायचा, 'धाराशिव' म्हटलं की दुसरा तोंड फिरवायचा. मी गिऱ्हाईक बघून दोन्ही म्हणायचो. एकदा तर उस्मानाबादी शेळीला आता काय म्हणायचं यावर बाजारात कॉलर धरण्यापर्यंत गोष्ट गेली. चेअरमन मधे पडले, "तिलाच इचारा की. ती जे म्हणंल ते लिहू." एका सलूनवाल्यानं काचेवर त्या बोर्डवाल्या मंडळाचा स्टिकर लावला. मग शेजारच्यानं लावला, मग त्याच्या शेजारच्यानं. कारण न लावणारा आता उठून दिसायला लागला होता. तिकडं चाचांच्या ओळखीतली काही तरणी माणसंही गरम झाली होती. आपला बाजार वेगळा भरवू, यांच्याशी व्यवहारच नको, म्हणायची. चाचा त्यांना शिव्या घालायचे. "बाजार अलग करेंगे, तो बेचेंगे किसको? एक दुसरे को?"

हे जे मंडळ, त्याचा अध्यक्ष माझ्या चांगल्या ओळखीचा होता. तिशी ओलांडलेला, अंगानं सडपातळ, बोलायला अदबशीर. त्याचा बाप तुळजापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातला लहान शेतकरी, शेळ्या माझ्याकडंच आणायचा. पोरानं शहरात मोबाइलचं दुकान टाकलं होतं. मी त्याच्याकडं फोन घ्यायला गेलो तेव्हा सवयीनं निम्म्यावर मागितला. त्यानं मान हलवली. "काका, जो सांगितला तोच हाय." मी उठून दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तो एक पैसा खाली आला नाही, रागावलाही नाही. खरा भाव पहिल्याच बोलीत सांगायचा आणि तिथंच थांबायचा, असा माणूस. फोन मी घेतला, पण दुकान काही चाललं नाही. शटर ओढल्यावर तो दिवसभर चौकात दिसायला लागला. मंडळानं त्याला खुर्ची दिली, गळ्यात पट्टा दिला आणि मोठ्या पुढाऱ्यांच्या शेजारी उभं राहून फोटो दिला. ज्याच्या दुकानात कुणी चढत नव्हतं, त्याला आता लोक रस्ता देत होते. त्याच्या जागी मी असतो तर मलाही ते गोड लागलं असतं.

मंडळाचे लोक पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा चेअरमन पत्र्याच्या शेडमध्ये चहा पीत होते आणि मी नेहमीप्रमाणे जागेचं रडगाणं गात होतो. अध्यक्ष सरळ मुद्द्यावर आला.

"चेअरमन, इथून पुढं रुमाल बंद. सौदा उघडा व्हायला पायजे. कोण कुणाला जनावर इकतंय ते गावाला कळू द्या."

"कळून काय करणार? पत्रिका छापणार?"

"आपल्या माणसानं आपल्या माणसाला इकावं."

"मग आण की आपला माणूस. शेळ्या ढीग हायेत. घेणारा दावणीला बांधून आण."

अध्यक्षाचा बाप शेडच्या तोंडाशी दोन शेळ्या धरून उभा होता. तो तिथूनच बोलला, "आरं बाबा, मग तूच घे की माझ्या. सकाळधरनं उभा हाय. तुझ्याशिवाय आपला माणूस कोण मला?"

शेड फुटेल इतकं हसू झालं. मीही हसलो. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चाचा तेवढ्यात आले, म्हाताऱ्याचा हात रुमालाखाली घेतला आणि दोन्ही शेळ्या घेऊन गेले. पोरगा त्यांच्या पाठीकडं बघत राहिला.

चेअरमन बाजारात वाढलेले. कुणी चार गोष्टी मागितल्या की एक द्यायची आणि तोंड गोड करून पाठवायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. ते म्हणाले, "रुमालाचं र्‍हाऊ द्या. फाटकावर तुमची कमान लावा. मोठी लावा, खर्च माझा." मंडळी कमान लावून गेली. चेअरमन मला म्हणाले, "बघ, कमानीवर मिटलं."

"त्यांनी शेळीचे दात बघितले का?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"जे गिऱ्हाईक दात बघत न्हाय, कास बघत न्हाय, नुसतं भावाचं बोलतं, ते शेळी घ्यायला आलेलंच नसतं. सौदा ठरल्यावर ते पुन्हा येणार. तुम्ही देत राहाल, ते येत राहतील."

"तू मला बाजार शिकवू नगं."

"मग माझी जागा द्या."

"आलास का फिरून जागंवर!" ते हसले आणि माझ्यापुढं अर्धा चहा सरकवला.

ते पुन्हा आलेच. या खेपेला म्हणाले, चाचा आणि त्यांच्यासारखे व्यापारी मागच्या ओळीत बसवा. चेअरमननी पुन्हा घासाघीस केली. बाजार सुरू होताना स्पीकर लावायला दिला, मागची ओळ दिली नाही. मग बकरी ईदच्या आधीचा मोठा बाजार जवळ आला. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा बाजार तो. परांड्याकडून, सोनारीकडून टेम्पो भरून बोकड येतात, आणि पोसलेल्या बोकडाला भाव मिळतो तो याच दिवशी. मंडळाची मागणी आली, त्या दिवशी चाचा आणि त्यांची माणसं फाटकाच्या आतच नकोत.

या खेपेला चेअरमननी काहीच पुढं केलं नाही. आम्ही सगळे शेडमध्येच होतो. त्यांनी चाचांना बोलावलं, मलाही पुढं ओढलं. "मोठ्या बाजाराला फाटकाजवळच्या पहिल्या जागंवर चाचा उभे राहणार."

"ती माझी जागा हाय!" मी ओरडलो.

"तू पण उभा रहा. दोघं मिळून एक शेपटी धरा. आन मी सोता मधी उभा राहतो. साडूच्या माणसाला सांगितलंय, उठ म्हणून. ह्याच्या खाली मी येत न्हाय."

चाचांनी चेअरमनचा हात धरला, रुमाल वगैरे न टाकता, आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणजे एकूण असं ठरलं: मोठ्या बाजाराला चाचा फाटकात उभे राहिले तर बाजार वाचला, नाही राहिले तर आज ते गेले, उद्या आमच्यातलं कुणी. माझ्या बापाला लांब उभा करणारा बाजार मी पाहिलेला होता. परत तो मला बघायचा नव्हता.

आधीच्या आठवड्याचा बाजार भरला होता. पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढून अध्यक्ष बोलला. आवाज चढवला नाही. "चेअरमन मोठ्या बाजाराला फाटकात उभे राहिले, तर आडवे पडतील."

बाजार थांबला. चेअरमन खालून, हातातला शेळीचा पाला तसाच धरून म्हणाले, "आडवं लई होतंय गड्या. निम्म्यावर ये. बसवून ठेव."

काय हसले लोक! शेतकरी, दलाल, चहावाला. मंडळाच्या मागच्या माणसांतही एक-दोघांना हसू आवरेना. मलाही ते उत्तर एवढं आवडलं की तेवढ्यापुरता मी जागा विसरलो. बाजारात मागणारा आधी दुप्पट मागतो, देणारा निम्मं दाखवतो, आणि दोघं मधे कुठंतरी भेटतात. पहिला भाव आमच्यात कुणी खरा धरत नाही. जो धरतो त्याला अडाणी म्हणतात. 'आडवे पडतील' हा आमच्या कानाला पहिला भाव वाटला. चाचा तेवढे हसले नाहीत. माझ्या कानाशी म्हणाले, "वो भाव नहीं कर रहा रे."

मोठ्या बाजाराच्या आदल्या दिवशी चेअरमन दुपारी एकटेच बायपासच्या जागेवर गेले होते. एवढी जनावरं येणार, हौदाचा नळ नीट चालतो का बघायला. मी तेव्हा गावात दोर घेत होतो. फोन आला तसा निघालो. मोटारसायकलवरून दोघं आले आणि गेले, असं जवळचा टपरीवाला सांगत होता. तोंडं बांधलेली होती. मी पोचलो तेव्हा त्यांना गाडीत घालून नेलं होतं. हौद भरून वाहत होता. पोलीस आले होते, माणसं जमली होती, फोनवर चित्रण करणारेही होते, पण नळ कुणी बंद केला नव्हता. मी जाऊन बंद केला. मग मला काय करावं सुचेना म्हणून मी रिकाम्या फाटकाकडं बघत उभा राहिलो आणि त्यांना एक शिवी दिली. एकटे कशाला गेलात, असं त्या शिवीत होतं.

मोठा बाजार भरलाच नाही. टेम्पो वाटेतूनच परत फिरले, शेतकऱ्यांनी वर्षभर पोसलेले बोकड पुन्हा घरी नेऊन बांधले. चार-दोन दिवसांत अध्यक्षाला आणि आणखी काहींना पकडलं. खटला चालू आहे. त्यानं करवलं, की त्याच्या नावावर दुसऱ्या कुणी केलं, की तो नुसता बोलला, ते कोर्ट बघेल. मी त्यावर बोलत नाही. ज्यांनी त्याच्या गळ्यात पट्टा घातला, ज्यांच्या शेजारी त्याचे फोटो होते, त्यांनी ते फोटो रातोरात उतरवले. तो आमचा नव्हताच, म्हणाले. स्टिकरवाल्या दुकानांनीही शटर अर्धं ओढून बंद पाळला. शोकसभेत फोटो उतरवणाऱ्यांतलेच काही स्टेजवर होते. मला कुणी स्टेजवर बोलावलं नाही. बोलावलं असतं तर मी जागेचं बोललो असतो, हे त्यांना ठाऊक असावं.

काही आठवड्यांनी बाजार पुन्हा भरला. पंच नवे. त्यांनी फाटकावर कागद चिकटवला, वातावरण निवळेपर्यंत रुमालाखालचे सौदे बंद, सर्वांनी उघड व्यवहार करावा. जी गोष्ट चेअरमननी जीव गेला तरी दिली नाही, ती यांनी आता कुणी मागत नसताना देऊन टाकली. आणि मला बोलावून म्हणाले, "तामलवाडी, तुमच्यावर अन्याय झाला होता. फाटकाजवळची पहिली जागा तुमची."

मी घेतली. इतक्या वर्षांची मागणी होती, का नाही घेणार? धुतलेला सदरा घालून त्या दिवशी उभा राहिलो. साडूचा माणूस गटाराकडं गेला होता. ऊन अंगावर येत होतं, कारण फाटकाशी सावली नाही, हे मला तेव्हा कळलं.

चाचांचा टेम्पो आला आणि फाटकाच्या बाहेरच थांबला. ते खाली उतरले नाहीत. मी गेलो.

"चला आत. जागा धरलीय."

"नक्को रे."

"शेजारी मी हाय. मधी मी उभा राहतो."

"मधी उभा राहणारा होता की एक."

मी आयुष्यात कधी इतका जीव तोडून सौदा केला नाही. आत नको तर फाटकात उभे रहा म्हटलं. फाटकात नको तर टेम्पोतच बसा, शेळ्या मी बाहेर आणून दाखवतो. ते नको तर नुसते दर बाजारी येऊन जा, लोकांना दिसा. दरवेळी ते मान हलवत होते. शेवटी मी चिडलो. "तुम्ही घाबरलात!"

"हौ, डर गया," चाचा म्हणाले. "तेरी चाची सकाळी दारात आडवी बसली. बोली, धंदा जाऊ दे, माणूस राहू दे. आता तू सांग, उससे मैं क्या भाव करूँ?"

मी टेम्पोच्या पत्र्यावर हात आपटला, हात दुखला, आणि टेम्पो वळला.

मी परत जागेवर आलो. सोनारीकडची एक म्हातारी बाई एक पाट घेऊन उभी होती, अजून न व्यालेली, काळी कुळकुळीत, कान लांब. नव्यानं आलेला एक व्यापारी लांबूनच ओरडला, "मावशे, एवढे घे, न्हायतर ने माघारी!" पाटीची किंमत त्याहून बरीच जास्त होती. बाई इकडंतिकडं बघायला लागली. मी आणखी दोघांना विचारलं, त्यांनी तोच आकडा सांगितला; ऐकलेला होता ना. मी त्या व्यापाऱ्याच्या अंगावर धावून गेलो, पंच धावत आले, कागदाकडं बोट दाखवायला लागले. बाईनं तोवर मान खाली घालून दोरी देऊन टाकली होती.

मी त्या जागेवर पुन्हा उभा राहिलो नाही. नवे पंच म्हणतात, तामलवाडीला काही केलं तरी पटत नाही. म्हणू देत.

आता मी नळदुर्गला जातो. हायवेला एका ढाब्यामागं मोकळं रान आहे, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलेलं. ढाबेवाला चाचांचा दोस्त. तिथं थोड्या शेळ्या येतात, ट्रकच्या हॉर्ननं बुजतात. बाजार म्हणावा इतका तो मोठा नाही. धाराशिवात जे मिळायचं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि याचा राग मला रोज येतो, कधी चेअरमनवर, कधी चाचांवर. पण शेतकरी येतात. पत्ता विचारत येतात.

मागच्या महिन्यात एक म्हातारा बोकड घेऊन आला. टोपी बरीच खाली ओढलेली. मी ओळखलं, अध्यक्षाचा बाप. तो माझ्याकडं न बघता चाचांसमोर जाऊन उभा राहिला.

"धाराशिव सोडून एवढं लांब?" चाचांनी विचारलं.

"तिथं माझ्याशी कुणी बोलत न्हाय."

"मेरे से भी नहीं बोलते," चाचा म्हणाले.

म्हाताऱ्याच्या तोंडावर काही हललं नाही, पण गच्च धरलेली दोरी त्यानं सैल सोडली. मी चाचांना बाजूला घेतलं. "ह्याचा पोरगा कोण, ठाऊक हाय का तुम्हाला?"

"ठाऊक हाय."

"आन तरी?"

"वो बकरा बेचने आया है रे. लडका बेचने नहीं आया."

"मी मधी उभा राहणार न्हाय."

"मत रह."

मी ढाब्याकडं निघालो. मागं वळून पाहिलं तर दोघं समोरासमोर तसेच उभे. दोघांतलं कुणी हात पुढं करेना. म्हातारा वाट बघत होता, चेअरमनच्या वेळेला शेडच्या तोंडाशी बघत होता तशीच. अशा वेळी मधला माणूस लागतो. त्याशिवाय का आमचं पोट चालतं? मी शिव्या देतच परत गेलो आणि दोघांच्या मधे उभा राहिलो. तोंड दुसरीकडं केलं, पण उभा राहिलो. म्हाताऱ्याची बोटं गार होती, म्हणे. चाचांनी नंतर सांगितलं.

म्हातारा गेल्यावर बोकड पाहिला. एका मागच्या पायानं किंचित लंगडत होता. चाचांनी दिलेला भाव त्यांनी मला सांगितला तेव्हा माझं डोकं फिरलं.

"एवढा? लंगड्या बोकडाला? धंदा करताय का धर्मशाळा चालवताय? मला विचारायचं होतं! मी कशाला हाय मधी?"

"जास्त दिया," चाचा म्हणाले. "चल, चाय पी. और चिल्ला मत, बकरा बुजतोय."